बिल छापण्याआधी बोला

हॉटेलच्या बिलात न सांगता चढणारी आकारणी आणि टेबलावर मिळणारी वागणूक, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं हॉटेल व्यवस्थापन, हिशेब आणि ग्राहक तक्रारी हाताळणाऱ्यांनी दिली आहेत. गणित सोपं जावं म्हणून सगळीकडे पदार्थांची बेरीज १००० धरली आहे. चलन कुठलंही असो, हिशेब बदलत नाही.

प्रश्न : मेन्यूकार्डावर बारीक अक्षरात ‘१० टक्के सेवा शुल्क आणि ९ टक्के कर वेगळा’ असं छापलं होतं. १९ टक्के धरून मी पैसे काढून ठेवले, तर बिल त्याहूनही जास्त आलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, ‘सिस्टीमच काढते, आम्ही काही करत नाही.’ हिशेब नक्की कसा होतो?

उत्तर : सिस्टीम काढते हे खरं, पण कसं काढायचं ते सिस्टीमला कुणीतरी शिकवलेलं असतं. टक्के एकावर एक चढतात. १००० वर १० टक्के सेवा शुल्क धरलं की ११०० झाले. कर मूळ १००० वर नाही, या ११०० वर लागतो, म्हणजे ९९. एकूण ११९९. वाढ १९ नव्हे, १९.९ टक्के. सिंगापूरमध्ये ही पद्धत सर्रास आहे. तिथे मेन्यूवर किमतीपुढे ‘++’ अशी दोन चिन्हं असतात, एक सेवा शुल्काचं आणि दुसरं कराचं. कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे. चिन्हं इवलीशी, पण खर्च पाचव्या हिश्शाने वाढतो.

बिल हातात आलं की बहुतेक जण थेट तळाची रक्कम बघतात. खरं तर चुका वरच्या भागात असतात. सगळ्यात वर टेबल नंबर आणि माणसांची संख्या बघा. टेबल बदलून बसला असाल तर आधीच्या टेबलावरच्या लोकांचा एखादा पदार्थ तुमच्या बिलात येऊ शकतो, किंवा तुमचा तिकडे जाऊ शकतो. मग नगांचा रकाना. एकदाच मागवलेल्या पदार्थापुढे २ दिसले, तर वेटर आणि कॅप्टन (वेटरांवर देखरेख करणारा) दोघांनीही ऑर्डर मशीनमध्ये टाकलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दोन वेगळ्या केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) निघालेल्या असतात. त्यांचे नंबर काउंटरवर दिसतात, तेव्हा ‘केओटी बघून सांगा’ एवढं म्हटलं तरी उलगडा होतो. तिसरी नेहमीची गोष्ट म्हणजे आकार. तुम्ही आकार सांगितला नाही तर मशीनमध्ये आधीपासून ठरलेला आकार जातो, आणि तो सहसा मोठा असतो. चौथी म्हणजे ‘वरून हे घालू का?’ या प्रश्नाला दिलेला होकार. तो वेगळ्या ओळीत, वेगळ्या दराने बिलात येतो.

सवलत असेल तर क्रम तपासा. १००० वर २० टक्के सवलत म्हणजे ८००, त्यावर १० टक्के सेवा शुल्क ८०, मग ५ टक्के कर धरला तर ४४. एकूण ९२४. पण सेवा शुल्क सवलतीच्या आधीच्या १००० वर काढलं तर १०० लागतात आणि बिल ९४५ होतं. २१ चा फरक फक्त क्रमाने पडला. सवलतीच्या जाहिरातीत ‘कमाल मर्यादा’ आणि ‘पेयांवर लागू नाही’ या दोन अटी सगळ्यात लहान अक्षरात असतात, त्या ऑर्डर देण्याआधी वाचा.

प्रश्न : सेवा शुल्क द्यावंच लागतं का? एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले, ‘मेन्यूत लिहिलंय, तुम्ही बसलात म्हणजे मान्य केलंत.’

उत्तर : देशागणिक उत्तर बदलतं, आणि मॅनेजर लोकांना ते अनेकदा ठाऊक असतं.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेल किंवा रेस्टॉरंटने सेवा शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही. दुसऱ्या नावाने वसूल करायचं नाही. ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. आणि पदार्थांच्या रकमेत ते मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेल व्यावसायिकांच्या दोन संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, जुलै २०२२ मध्येच सूचनांना स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी याचिका फेटाळून सूचना योग्य ठरवल्या. त्यावर संघटनांनी अपील केलं आहे. म्हणजे ‘मेन्यूत लिहिलंय’ हे उत्तर भारतात पुरेसं नाही.

ब्रिटनमध्ये शब्द बघायचा. ‘ऐच्छिक’ लिहिलं असेल (साडेबारा टक्के हा तिथला नेहमीचा आकडा) तर कारण न देता नाकारता येतं. ‘अनिवार्य’ असं ऑर्डर देण्याआधी स्पष्ट दिसेल असं लिहिलं असेल, तर तो किमतीचाच भाग ठरतो. मग वाजवी सेवा न मिळाल्याचा मुद्दाच उरतो. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते, नाहीतर किंमत कमी करून मागता येते. फ्रान्समध्ये हा वाद उद्भवतच नाही. १९८७ च्या आदेशानुसार दाखवलेल्या किमतीत सेवा आणि कर दोन्ही धरलेले असावे लागतात. आमच्या मते हाच सर्वांत स्वच्छ मार्ग.

आता टेबलावर करायचं काय? ऑर्डर देण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘बिलात पदार्थ आणि कर सोडून आणखी काही लागतं का, आणि किती?’ ‘सेवा शुल्क आहे का?’ असं विचारू नका. ते वेगळ्या नावाने लावत असतील तर ‘नाही’ हे उत्तर अक्षरशः खरं ठरतं. बिल आल्यावर शुल्क दिसलं तर वेटरशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याला बिल बदलण्याचा अधिकारच नसतो. कॅप्टन किंवा मॅनेजरला बोलवा आणि शांतपणे म्हणा, ‘हे शुल्क काढून नवीन बिल छापून द्या.’

नवीन बिल का, तर पेनाने ओळ खोडून दिलेल्या बिलात कर तसाच राहतो. १००० + १०० सेवा शुल्क + ५५ कर, असं ११५५ चं बिल असेल तर शुल्क काढल्यावर ते १०५० व्हायला हवं. १०० नव्हे, १०५ कमी झाले पाहिजेत. खोडून दिलेल्या बिलात हे पाच कुणाच्या तरी खिशात जातात आणि त्यांचा हिशेब कुठेच लागत नाही.

प्रश्न : सेवा शुल्क भरलं, तरी कार्ड मशीनने पुन्हा टिप मागितली. १०, १५, २० टक्के अशी बटणं होती. आधी दिलेलं शुल्क वेटरला मिळतं की नाही?

उत्तर : मिळेलच असं नाही. टिप आणि सेवा शुल्क या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कर खात्याने २०१२ च्या एका निर्णयात टिप कशाला म्हणावं याच्या चार कसोट्या दिल्या. ती देणं सक्तीचं नसावं. किती द्यायची हे ग्राहकाने ठरवावं. ती मालकाच्या धोरणाने ठरलेली किंवा वाटाघाटीतून आलेली नसावी. आणि सहसा कुणाला द्यायची हेही ग्राहकानेच ठरवावं. यांत न बसणारी रक्कम सेवा शुल्क, आणि ते मालकाचं उत्पन्न. त्यातून तो कामगारांना देईल तो पगार. मोठ्या गटाच्या बिलात आपोआप येणारे १८ किंवा २० टक्के याच प्रकारात मोडतात. ब्रिटनमध्ये मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे टिप आणि सेवा शुल्क दोन्ही, मालकाने काहीही न कापता, कामगारांपर्यंत पोचवावी लागतात.

मशीनवरच्या बटणांचं गणित वेगळं सांगायला हवं. १५ टक्के बहुतेकदा कर आणि सेवा शुल्क धरून आलेल्या अंतिम रकमेवर काढलेले असतात. ११५५ वर १५ टक्के म्हणजे १७३.२५. आधीचे १०० मिळवले तर सेवेपोटी २७३.२५ गेले, म्हणजे पदार्थांच्या किमतीच्या सव्वासत्तावीस टक्क्यांहून जास्त. ‘टिप नको’ किंवा ‘इतर रक्कम’ हे बटण असतं, पण बारीक अक्षरात आणि खालच्या कोपऱ्यात. वेटर शेजारी उभा असताना ते शोधायला संकोच वाटतो, तरी शोधा. एखाद्याने मनापासून काम केलं असेल आणि त्याला काही द्यावंसं वाटत असेल, तर थेट हातात रोख द्या.

कॉर्नेल विद्यापीठातले मायकल लिन यांनी टिप या विषयावर बरंच संशोधन केलं आहे. सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध असतो, पण फारच क्षीण, असं त्यातून दिसतं. टिप कमी ठेवून हॉटेलला ‘धडा’ मिळतो, या समजुतीला त्यामुळे फारसा आधार नाही. तक्रार तोंडाने करावी लागते.

प्रश्न : न मागता टेबलावर ठेवलेल्या गोष्टींचे पैसे द्यायचे का? आणि छापील किमतीपेक्षा महाग दिलेल्या पाण्याच्या बाटलीचं काय?

उत्तर : न मागता आलेल्या वस्तूला हात लावण्याआधी ‘याचे पैसे लागतात का?’ असं विचारा. लागत असतील आणि नको असेल तर ती टेबलावरून उचलायला सांगा. नुसती बाजूला सारली तर ती बिलात येतेच, आणि नंतर ‘खाल्ली नव्हती’ हे सिद्ध करता येत नाही. इटलीत माणशी बसण्याचे वेगळे पैसे घेतात, पण ते मेन्यूत छापलेले असावे लागतात.

बाटलीबद्दल अनेकांची समजूत चुकीची आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात म्हटलं, की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबरोबर जागा आणि सेवाही दिली जाते, त्यामुळे तिथे छापील किमतीचं बंधन लागू होत नाही. दुकानातली गोष्ट वेगळी. साधं पाणी मागा आणि ते मिळेपर्यंत बाटलीचं झाकण उघडू देऊ नका. झाकण फिरलं की विषय संपला.

प्रश्न : ऑर्डर देऊन पाऊण तास झाला तरी काही येत नाही. विचारलं की ‘दोनच मिनिटं’. आपल्यानंतर आलेल्यांना मात्र वाढलेलं दिसतं. आत नेमकं काय चाललेलं असतं?

उत्तर : चार-पाच कारणं आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

पहिलं, ऑर्डर किचनला गेलेलीच नसते. वेटर तीन-चार टेबलांच्या ऑर्डरी कागदावर किंवा डोक्यात घेतो आणि एकदम मशीनमध्ये टाकतो. मधे कुणीतरी हाक मारली की एक राहून जाते. हे सगळ्यात जास्त घडणारं कारण, आणि सगळ्यात लपवलं जाणारंही. ‘दोनच मिनिटं’ म्हणत वेटर लगबगीने मशीनकडे वळला तर समजा. म्हणून ‘किती वेळ लागेल?’ याऐवजी ‘आमची ऑर्डर किती वाजता पंच झाली?’ असं विचारा. केओटीवर वेळ छापलेली असते, आणि हा प्रश्न आला की वेटरला ती बघावीच लागते.

दुसरं, एक सावकाश होणारा पदार्थ बाकीच्यांना अडवून धरतो. किचनमध्ये वेगवेगळे विभाग असतात. तुमच्या पाच पदार्थांपैकी चार तयार असतील, पण पाचवा ज्या विभागातून यायचा तिथे रांग असेल, तर चारही थांबतात, कारण सगळं एकदम पाठवायचा शिरस्ता असतो. यावर उपाय सोपा आहे. ऑर्डर देतानाच सांगा, ‘जे आधी होईल ते आधी आणा.’ नंतर आलेल्या टेबलाला आधी मिळण्यामागेही बहुधा हेच असतं. त्यांनी मागवलेलं दुसऱ्या, मोकळ्या विभागातलं असतं. दर वेळी पक्षपात नसतो.

तिसरं, पदार्थ संपलेला असतो आणि ते सांगायला कुणी येत नाही. किचनने वेटरला सांगितलेलं असतं, वेटर दुसऱ्या टेबलावर अडकलेला असतो. वीस मिनिटांनी येऊन ‘ते संपलंय’ म्हणतो. नवीन ऑर्डर दिलीत तर ती रांगेच्या शेवटी जाते. अशा वेळी कॅप्टनला स्पष्ट म्हणा, ‘बदललेली ऑर्डर आधीच्या वेळेने धरा.’ किचनमध्ये तसं करता येतं, फक्त कुणीतरी आत जाऊन सांगावं लागतं.

चौथं, पदार्थ तयार होऊन किचनच्या खिडकीत पडून असतो, आणायला माणूस नसतो. ताट आल्यावर हे ओळखता येतं. पृष्ठभागावर साय धरल्यासारखा पापुद्रा, ताट गार आणि पदार्थ कोमट असेल, तर तो वाट बघत राहिला. उलट ताटाची कड चटका बसेल इतकी तापलेली आणि पदार्थाचा मधला भाग गार असेल, तर पुन्हा गरम करताना घाई झाली आहे. पहिल्यात हलगर्जी आहे. दुसऱ्यात आरोग्याचाही प्रश्न येतो, कारण गरम वाढायचं अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवायचं ५ च्या खाली असावं, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे.

या सगळ्याच्या मुळाशी बहुतेकदा माणसांची टंचाई. एका वेटरकडे चार-पाच टेबलं असली तर नीट जमतं. तीच आठ-नऊ झाली की तो नजर चुकवायला लागतो. नजर चुकवणं हा उद्धटपणा वाटतो, पण तेवढ्या वेळात आणखी एक काम अंगावर येऊ नये म्हणून केलेली ती तजवीज असते. आत आल्यावर मोजून बघा. हॉल भरलेला आणि वेटर दोनच असतील, तर बसण्याआधीच अंदाज येतो.

प्रश्न : पदार्थ चुकीचा किंवा बिघडलेला आला तर कधी आणि कसं सांगावं? आम्ही संकोचाने खाऊन टाकतो आणि मग बिलाच्या वेळी भांडण होतं.

उत्तर : दोन-तीन घास, त्यापलीकडे नाही. अर्धं ताट संपल्यावर आलेली तक्रार मॅनेजरला पटली तरी त्याला वर ती मांडता येत नाही. चमचा खाली ठेवा, ताट तसंच राहू द्या आणि कॅप्टनला बोलवा.

वेळेचं महत्त्व बिलाच्या मशीनमुळेही आहे. ऑर्डर किचनला जाण्याआधी वेटर ती खोडू शकतो. केओटी निघाल्यावर पदार्थ रद्द करायला कॅप्टन किंवा मॅनेजरचा पासवर्ड लागतो आणि कारण नोंदवावं लागतं. बिल छापल्यावर केलेला बदल मालकाच्या रोजच्या अहवालात वेगळा दिसतो, त्यामुळे मॅनेजर कचरतो. आणि एकदा पैसे घेऊन बिल बंद झालं, की परतावा हा निराळाच व्यवहार होतो. कार्डावर दिलेले असतील तर परत यायला काही दिवस लागतात. जसजसे पुढे जाल तसतसा ‘हो’ म्हणणारा माणूस वरच्या हुद्द्याचा लागतो.

काय हवं ते आधी ठरवा : पदार्थ पुन्हा करून, बदलून दुसरा, की बिलातून वजा. तिन्हींपैकी एक नेमकं मागितलं की सहसा मिळतं. ‘हे काय चाललंय तुमचं?’ या वाक्याला मिळतं ते फक्त ‘सॉरी सर’. पुन्हा करून मागितलंत तर किती मिनिटं लागतील ते विचारा. बाकीचे जेवून उठणार असतील तर वजा करून घेणंच बरं. वजा झालेला पदार्थ बिलात एकतर दिसू नये, किंवा शून्य रकमेने दिसावा. ‘त्याऐवजी शेवटी काहीतरी गोड पाठवतो’ ही तडजोड हॉटेलला स्वस्त पडते, म्हणून ती आधी पुढे केली जाते. तुम्हाला चालणार असेल तर घ्या, पण बिलातला पदार्थ त्यामुळे कमी होत नाही हे लक्षात असू द्या.

ॲलर्जीचा प्रश्न असेल तर मात्र नको असलेला जिन्नस काढून तेच ताट परत आणलेलं चालत नाही. नवीन ताट, नवीन भांडं, आणि ‘ॲलर्जी आहे’ हा शब्द केओटीवर लिहायला सांगायचा.

प्रश्न : परदेशात कार्डाने पैसे देताना मशीनने ‘तुमच्या चलनात द्यायचे का?’ असं विचारलं. सोयीचं वाटलं म्हणून ‘हो’ केलं. नंतर रक्कम जास्त वाटली.

उत्तर : नेहमी तिथल्या, म्हणजे हॉटेलच्या चलनातच द्या. ‘तुमच्या चलनात’ म्हटलं की विनिमय दर मशीनमागची कंपनी ठरवते, तुमची बँक नाही. त्या दरात तीन टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत वाढ असू शकते, आणि त्यातला वाटा हॉटेलला मिळतो. काही बँका त्यावर स्वतःचं शुल्कही लावतात. वेटरने तुमच्याऐवजी बटण दाबलं असेल तर पावती बघा. दोन चलनांतल्या रकमा आणि दर छापलेला दिसला, तर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

अमेरिकेसारख्या ठिकाणी कार्ड आधी बिलाच्या रकमेला लावतात आणि टिप नंतर जोडतात. चिठ्ठीवर टिपेची ओळ रिकामी सोडू नका. द्यायची नसेल तर आडवी रेघ मारा, एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहा आणि आपल्या प्रतीचा फोटो काढा. बँकेचं विवरण आलं की आकडा ताडून बघा.

कार्डाने दिल्याबद्दल वेगळे पैसे घेणं युरोपीय संघात सामान्य ग्राहकांच्या कार्डांवर १३ जानेवारी २०१८ पासून बंद आहे. भारतात डेबिट कार्डाचं व्यापारी शुल्क (कार्डाने पैसे घेतल्याबद्दल व्यापाऱ्याने बँकेला द्यायचं) ग्राहकाकडून घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

प्रश्न : माझं छोटं रेस्टॉरंट आहे. शुल्क काढून किमती १० टक्क्यांनी वाढवल्या तर मेन्यू महाग दिसतो आणि गिऱ्हाईक शेजारी जातं. मग आम्ही काय करायचं?

उत्तर : तुमची भीती खोटी नाही. अमेरिकेत स्टबहब या तिकिटांच्या पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर एक मोठा प्रयोग झाला. ज्यांना शुल्क अगदी शेवटच्या पायरीवर दाखवलं, त्यांनी आधीपासून पूर्ण किंमत बघणाऱ्यांपेक्षा सुमारे २१ टक्के जास्त खर्च केला. शेवटी उघडकीला येणारी किंमत फायद्याची ठरते, म्हणूनच ती टिकून आहे. पण तिकीट घेणारा पुन्हा येईल न येईल, तुमचा धंदा मात्र परत येणाऱ्यांवर चालतो.

सरसकट १० टक्के वाढवू नका. ज्या पदार्थांची किंमत लोक शेजारच्याशी ताडून बघतात असे मोजकेच असतात, ते जवळपास तसेच ठेवा आणि वाढ बाकीच्यांत वाटा. शुल्क ठेवायचंच असेल तर ते मेन्यूच्या पहिल्या पानावर पदार्थांच्याच अक्षरात छापा, क्यूआर कोडने उघडणाऱ्या पहिल्या पडद्यावर दाखवा आणि बुकिंगच्या संदेशात लिहा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून छुप्या शुल्कांवर बंदी आली, तेव्हा रेस्टॉरंटना सूट मिळाली ती याच अटीवर : शुल्क आणि त्याचं कारण, किंमत दिसेल तिथे ठळक दिसलं पाहिजे.

मशीनमधली सोय बदलून घ्या. शुल्क आपोआप लागण्याऐवजी विचारून लावायचं ठेवा, आणि ते काढण्याचा अधिकार कॅप्टनला द्या. मॅनेजर येईपर्यंत दहा मिनिटं ताटकळलेलं टेबल पुढच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही, हा तोटा कुणी मोजत नाही. जमा रक्कम कामाच्या गुणांनुसार वाटत असाल, तर गुणांचा तक्ता भिंतीवर लावा. नाहीतर वेटरच गिऱ्हाइकाच्या कानात सांगतो, ‘साहेब, आम्हाला त्यातलं काही मिळत नाही.’

प्रश्न : टेबल राखून ठेवायला कार्डाचा नंबर मागतात. न गेल्यास पैसे कापतात हे बरोबर आहे का?

उत्तर : अट आधी दाखवली असेल तर सहसा बरोबर. तीन गोष्टी बघा : रद्द करण्याची शेवटची वेळ, रक्कम माणशी आहे की टेबलामागे, आणि माणसं कमी आली तरी कापतात का. तिसरी अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रद्द करताना फोनवर थांबू नका, लेखी संदेश पाठवा. आगाऊ घेतलेली रक्कम अंतिम बिलातून वजा झाली का, तेही तपासा. ती ओळ हाताने घालावी लागते, त्यामुळे राहून जाते.

प्रश्न : पैसे भरून घरी आल्यावर चूक लक्षात आली. आता काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, फक्त कागद हवेत. बिल, पैसे दिल्याची पावती आणि मेन्यूच्या त्या पानाचा फोटो. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते, म्हणून बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा. क्यूआर मेन्यू असेल तर पानाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, किमती केव्हाही बदलू शकतात.

पहिला संदेश हॉटेललाच, लेखी. नमुना असा : ‘अमुक तारखेला रात्री साडेआठला टेबल १२, बिल क्रमांक अमुक. एकदाच मागवलेला पदार्थ दोनदा लावला आहे, शिवाय सेवा शुल्क न विचारता लावलं आहे. दोन्ही आणि त्यांवरचा कर मिळून इतकी रक्कम होते. बिलाचा फोटो सोबत आहे. सात दिवसांत रक्कम त्याच खात्यावर परत करावी.’ यात राग कुठेही नाही आणि आकडा नेमका आहे. हिशेब बघणाऱ्या माणसाला पुढे कुणाला विचारावं लागू नये, हा उद्देश. ‘नाहीतर वाईट अभिप्राय लिहीन’ असं मात्र लिहू नका. ते धमकीसारखं दिसतं आणि पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवलं जातं. अभिप्राय लिहायचाच तर वेगळा लिहा, घडलं तेवढंच लिहा, हेतूंबद्दल अंदाज नकोत.

सात दिवसांत उत्तर आलं नाही आणि कार्डाने दिले असतील, तर बँकेकडे वादग्रस्त व्यवहार म्हणून नोंदवा. कार्ड कंपन्यांच्या नियमांत बहुतेक प्रकारांना १२० दिवसांची मुदत असते, बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. दोनदा कापलेली रक्कम किंवा चिठ्ठीपेक्षा जास्त लावलेली टिप अशा तक्रारी यात टिकतात. ‘चव चांगली नव्हती’ टिकत नाही.

भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथून ती हॉटेलकडे जाते, आणि पुष्कळ लहान रकमांचा निकाल याच टप्प्यावर लागतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे हॉटेल दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. अर्जासोबत हॉटेलला पाठवलेला तो पहिला संदेश आणि तो पोचल्याची खूण जोडा.